तुम्ही विचारलेत म्हणून: शेणॉयच कशासाठी?

वडोदऱ्यात वाणिज्य शाखेच्या मुलांना शिकवताना मी बी. आर. शेणॉय यांचे नाव वारंवार घेतो; आणि ज्यांचे सरकारने ऐकलेच नाही अशा अर्थतज्ज्ञाला एवढे महत्त्व कशासाठी, असे पालकही विचारतात आणि दांडिया बाजारातले स्नेहीही.

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या आराखड्यावर मत देणाऱ्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात धनंजयराव गाडगिळांसारखी माणसे होती आणि अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. अशा मोठ्या नावांसमोर, १९५५ मध्ये, अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठातल्या शेणॉयांनी एकट्याने भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपली असहमती मांडणारे टिपण, जोडली. त्यांचे म्हणणे असे, की योजनेचा आकार देशाच्या खऱ्या बचतीवरून ठरावा. बचत अपुरी असताना सरकारने रिझर्व्ह बँकेकडून पैसा उचलला, तर नोटा वाढतात, माल तेवढा वाढत नाही, महागाई ठरावीक पगाराच्या माणसाला आधी गाठते, परकीय चलन आटते आणि मग परवाने व नियंत्रणे येतात.

वर्गात मी फळ्यावर मंजूर योजनेतला सरकारी खर्च लिहितो: ४,८०० कोटी रुपये. मग मुलांकडून जमेची बाजू भरून घेतो. महसुलातून ८००, कर्जे व अल्पबचतीतून १,२००, रेल्वे व भविष्यनिर्वाह निधी वगैरेंतून ४००, परदेशी मदत ८००, तुटीचा अर्थभरणा, म्हणजे मुख्यतः रिझर्व्ह बँकेकडून उचललेला पैसा, १,२००. तरीही ४०० कोटी उरतात, ज्यांचा स्रोत योजनेतच दाखवलेला नव्हता. इथे मुले आपण होऊन प्रश्न विचारू लागतात.

राज्यसंस्थेने काही करूच नये, असे मी मानत नाही. ज्या वडोदऱ्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण आपल्या राज्यभर नेले, त्या शहरात राहून तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. शेणॉयांचा आग्रह मात्र पैसा कुठून येणार, हे आधी सांगण्याचा होता, आणि तो मला आजही तितकाच रास्त वाटतो.

१९५७ पासून परकीय चलनाची टंचाई भासू लागली. १९६६ मध्ये डॉलरचा दर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर न्यावा लागला. शेणॉय १९७८ मध्ये वारले. उद्योगांना सरकारी परवान्याची सक्ती करणारी परवाना पद्धत मोडू लागली ती त्यानंतर तेरा वर्षांनी. म्हणूनच उदारीकरण शिकवताना मी १९९१ पासून सुरुवात करीत नाही, आधी ती भिन्नमतपत्रिका वाचायला देतो.