बाबांच्या ४१२ रेकॉर्डी

जुन्या बाजारातून आलेल्या माणसानं बाबांच्या रेकॉर्डींची दोन्ही कपाटं उघडली, मधूनच चार-पाच कव्हरं ओढून पाहिली आणि म्हणाला, “ताई, सगळं मिळून पंधरा हजार. होय म्हणा, टेम्पो बोलावतो.”

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. सदाशिव पेठेतली आमची इमारत पुनर्विकासाला गेली होती आणि जागा रिकामी करून द्यायला जेमतेम चार महिने उरले होते. दादा नाशिकहून फोनवर म्हणाला, “देऊन टाक.” मला मात्र हो म्हणवेना. पंधरा हजार कमी की जास्त, ते मला ठाऊक नव्हतं. पण कपाटात काय आहे हेच आम्हा दोघा भावंडांना माहीत नसताना भाव कसला ठरवायचा? बाजारातल्या त्या माणसाला परत पाठवलं आणि मोजायला बसले.

एकूण ४१२ भरल्या. त्यात लाखेच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाच्या १८६, मोठ्या, जास्त वेळ वाजणाऱ्या एलपी १५१ आणि छोट्या ईपी ७५.

यादी सुरुवातीला वहीत केली आणि दोन दिवसांत ती सोडून दिली. एकच गायिका तीन ठिकाणी तीन स्पेलिंगांनी छापलेली असली, की वहीत शोधायचं कसं? मग संगणकावर तक्ता केला : कंपनी, रेकॉर्डचा क्रमांक, गायक, दोन्ही बाजूंची गाणी, नाटक किंवा चित्रपट, तबकडीची अवस्था, कव्हरची अवस्था, शेरा. गाण्याचं नाव हीच रेकॉर्डची ओळख, असं मी धरून चालले होते. तसं नसतं. खरी ओळख क्रमांकाची. लेबलवरचा क्रमांक दोन्ही बाजूंना एकच असतो. लेबलच्या कडेला, जिथे गाणं संपून गुळगुळीत भाग लागतो, तिथे मात्र कोरलेला दुसरा एक क्रमांक असतो आणि तो प्रत्येक बाजूचा वेगळा. तो मूळ ध्वनिमुद्रणाचा. खिडकीशी तबकडी तिरपी धरून भिंगातून तो वाचायचा. एचएमव्हीच्या एलपींवर आणखी एक खूण मिळाली. शास्त्रीय गायनाच्या ‘ईएएलपी’ मोनो आणि ‘ईएएसडी’ स्टिरिओ. चित्रपटांच्या ‘ईसीएलपी’ मोनो आणि ‘ईसीएसडी’ स्टिरिओ. हे कळल्यावर काम भराभर सरकलं.

७८ च्या तबकड्यांवर बहुधा साल छापलेलं नसतं, आणि गायकाचं नाव वाचूनही नेहमी फसायला होतं. ‘महल’ हा चित्रपट १९४९ चा. त्यातल्या लताबाईंच्या गाजलेल्या गाण्याच्या मूळ तबकडीवर गायिका म्हणून छापलंय ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव. आमच्याकडे ती होती आणि ‘कामिनी’ ही कुणी वेगळी गायिका समजून मी तिचा स्वतंत्र रकाना करून ठेवला होता. काही जुन्या लेबलांवर बायकांच्या नावापुढे कंसात ‘अमॅच्युअर’ असं छापलेलं असतं. ही धंदेवाईक गाणारी नव्हे, घरंदाज बाई आहे, हे गिऱ्हाइकाला सांगण्यासाठी. ते वाचताना दर वेळी हात थांबायचा. गळा तिचा, आणि त्यासोबत हा खुलासा द्यावा लागला.

एक चूक आयुष्यभर लागून राहील. एलपी पुसायला पाण्यात थोडं स्पिरिट घालतात, असं कुठेतरी वाचलं होतं. त्याच फडक्यानं ज्योत्स्नाबाई भोळ्यांची एक ७८ ची तबकडी पुसली आणि तिची चकाकी फडक्यावर उतरली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुताराचं पॉलिश त्यावरच चालतं, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी सुचलं नाही. लाखेच्या तबकडीला शुद्ध पाणी, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड, एवढंच पुरे. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि लगेच कोरडं करायचं.

यानंतर मी माहितगार माणूस शोधला. मुंबईत १९९० पासून ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संग्राहकांची संस्था आहे. तिच्या ‘द रेकॉर्ड न्यूज’चे जुने अंक वाचायला मिळाले. त्यात एकेका कलावंताच्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्याच असतात. त्यातूनच पुढे ओळखीनं एका वयस्कर संग्राहकांपर्यंत पोचले. काका स्वतःची सुई घेऊन घरी आले. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण पाऊण दशांश मिलिमीटरची सुई लागते. एलपीची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. ती ७८ वर लावली तर खाचेच्या तळाशी बसते आणि फक्त खरखर ऐकू येते. बाबांच्या कितीतरी तबकड्या मी ‘खराब’ म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. काकांच्या सुईवर त्यातल्या निम्म्या स्वच्छ बोलल्या.

तडा पाहायची त्यांची रीत मला फार आवडली. तबकडी मधोमध बोटावर तोलायची आणि कडेला नखानं टिचकी मारायची. धड असेल तर टणत्कार येतो, तडा असेल तर बद्द वाजते. बाजारात माठ घेताना आई अगदी असंच करायची.

अवस्थेच्या श्रेण्या जगभर ठरलेल्या आहेत : मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड. यातलं ‘गुड’ म्हणजे चांगलं नव्हे; वाजते, पण जखमी आहे. मी सढळ हातानं दिलेल्या बहुतेक श्रेणी काकांनी एकेक पायरी खाली आणल्या. हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्या तर करड्या पडल्या होत्या. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते, आणि आजोबांच्या घरी एकेक सुई आठवडाभर चालायची. जे सगळ्यात जास्त ऐकलं गेलं, तेच सगळ्यात खालच्या श्रेणीत आलं.

किमतींसाठी ‘डिस्कॉग्ज’ हे रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ पाहिलं. तिथे विक्रेता मागतो ती किंमत मनावर घ्यायची नाही, प्रत्यक्ष विकली गेली ती बघायची. हा फरक कळेपर्यंत माझी बेरीज तिपटीनं फुगलेली होती. सर्वाधिक भाव निघाला ‘अपराध’ या हिंदी चित्रपटाच्या रेकॉर्डला. बाबांनी ती क्वचितच लावली असेल, म्हणून नवीकोरी राहिली. २००५ मध्ये ‘ब्लॅक आइड पीज’ या अमेरिकन गटानं आशाबाईंच्या ‘अपराध’ आणि ‘डॉन’मधल्या गाण्यांचे तुकडे आपल्या गाण्यात वापरले. परदेशातले डीजे कल्याणजी-आनंदजींचं त्या काळातलं संगीत शोधत असतात, भाव तिथून येतो. एलपी आणि ईपींची सावध बेरीज नव्वद हजारांच्या आसपास आली.

आणि १८६ लाखेच्या तबकड्या? विकणाऱ्यांनी सरळ सांगितलं, मराठी ७८ ला गिऱ्हाईक नाही. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांच्या काही सोडल्या तर नगामागे शंभर-दोनशे. पण त्यांत ‘यंग इंडिया’च्या अकरा निघाल्या. १९३५ साली सुरू झालेली ही मुंबईची स्वदेशी कंपनी. ती केव्हाच बंद पडली, आणि तिथे गायलेल्या अनेकांची नावंही आता कुणाच्या तोंडी नाहीत. काका त्या अकराही तबकड्या सलग ऐकत बसले. चहा गार झाला. त्यातल्या तिघींची गाणी त्यांनीही पहिल्यांदाच ऐकली.

मी तक्ता दादाला पाठवला. रात्री त्याचा फोन आला. किमतींबद्दल तो काही बोलला नाही. विचारलं एवढंच, “बाविसाव्या नंबरची नको ना विकायला? ती मी लहानपणी पाडली होती, कड उडालेली आहे बघ.” मी काढून पाहिली. कड उडालेली होती.

हिंदी चित्रपटांच्या साठेक एलपी आम्ही विकल्या. त्या पैशातून काकांनी सुचवलेली ७८ ची सुई घेतली. लाखेच्या तबकड्या आता माझ्या घरी सहा खोक्यांत आहेत. उभ्या ठेवल्यात, आडव्या नाहीत, कारण एकमेकींच्या वजनानं त्या तडकतात. मध्ये सिलिका जेलच्या पुड्या. ‘यंग इंडिया’ची नववी तबकडी काल रात्री संगणकावर घेऊन झाली. पावसाळ्याच्या आत उरलेल्या दोन घ्यायच्या आहेत.