शकुंतलेचे थांबे

अंजनगावकडून पथ्रोटला जाताना बाभळींच्या रांगेत मधूनच रूळ दिसतात. अडीच फुटांचे, खेळण्यातले वाटावेत असे. काळ्या मातीने निम्मे गिळलेले, उरलेल्यावर गाजरगवत. फलाट असा नाहीच, नुसता मुरुमाचा उंचवटा आणि एक कडुनिंब. हा आपल्या शकुंतलेचा, म्हणजे वऱ्हाडातल्या अरुंद रुळांच्या आगगाडीचा थांबा.

मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, दुसरा अचलपूरला. धावायची म्हणायचं खरं, पण अचलपूरचे सुमारे ७६ किलोमीटर काटायला बाईसाहेबांना चार तास लागत. बहुतेक स्टेशनांवर रेल्वेचा माणूसच नसे. गार्डच खाली उतरून तिकिटं द्यायचा, शिट्टी वाजवायचा, मग आपल्या डब्यात चढायचा. तेवढ्यात बांधावरून कुणी ओरडे, "थांबा ना भाऊ, बुढी येऊन रायली!" आणि गाडी थांबायची. एसटीपेक्षा तिकीट स्वस्त, त्यामुळे मजूर, भाजीवाल्या, बाजाराला निघालेली म्हातारी माणसं हिच्यातच बसत.

खरं तर ही गाडी त्यांच्यासाठी टाकलीच नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने हा मार्ग उभारला तो वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनीवर नेण्यासाठी. तिथून गाठी मुंबईला आणि पुढे बोटीने विलायतेला. गंमत बघा, कापूस मँचेस्टरला जाणार आणि तो ओढायला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन मँचेस्टरहूनच येणार! दोन्हीकडून कमाई त्यांचीच. ते इंजिन मात्र चिवट निघालं. १९९४ साली डिझेल आलं तेव्हा कुठे ते निवृत्त झालं.

देशातल्या बाकीच्या रेल्वे सरकारजमा झाल्या, हिची मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. त्यामुळे "इंग्रज अजून रॉयल्टी खातो" ही गोष्ट चहाच्या टपरीवर आजही रंगते. किलिक निक्सन कधीच भारतीय हातात आली, हे सांगून बघा. कोणी ऐकत नाही. मीही आता सांगायचं सोडलंय. गोष्ट त्यांची जास्त चांगली आहे.

गाडी बंद झाल्यावर ब्रॉडगेजची मागणी जोरात आहे, आणि ती रास्तच आहे. अचलपूरच्या माणसाने मुंबईची गाडी धरायला किती ठिकाणी बदलायचं? फक्त ब्रॉडगेज आली तर कडुनिंबाखालचे हे थांबे वेळापत्रकात कोण घेणार, ते विचारू नका. बुढीने ऑटो करावा.