आमची वाटचाल : सगळं देणं माझं

२००६ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत बसून मी नऊ पत्रं लिहिली, ज्यांचं आमच्याकडे येणं होतं त्या नऊ जणांना. लेटरहेड आमच्या खोके बनवणाऱ्या जुन्या फर्मचंच होतं, दोन नावांपैकी एकावर पेनाने काट मारली होती. नवीन छापायला पैसे नव्हते, आणि छापखान्याची उधारीही होतीच. नवातला एक तोच. मजकूर सगळीकडे सारखा. आमची भागीदारी मोडली आहे, तुमचं एवढं येणं निघतं, ते सगळं मी देणार आहे, दर महिन्याच्या सात तारखेला इतके. खाली सही.

नऊ जणांचं मिळून ११ लाख ४० हजार. त्यातले निम्मे, म्हणजे ५ लाख ७० हजार, भागीदाराच्या वाट्याचे. तो चांगलं पंचिंग मशीन आणि दोन मोठ्या पार्ट्या घेऊन वेगळा झाला होता आणि सहा महिन्यांत आपला वाटा माझ्याकडे भरणार होता. माझे सीए चिडले. "पत्रं लिहायची एवढी घाई का? त्याचं त्याला देऊ द्या की." मग स्वतःच म्हणाले, कायद्याने तसंही सगळं तुमच्यावर येऊ शकतं. १९३२ च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार सगळ्या देण्याला जबाबदार असतो. वाटणी आपापसातली, ज्याचं येणं आहे त्याला तिच्याशी घेणं नाही. तेव्हा मी फार उदार झाले असं कुणी समजू नये. मागायला ते माझ्याच गाळ्यावर आले असते. ते यायच्या आत मी गेले, इतकंच.

आमचं काम खोक्यांचं. मिठाईचे खोके, औषधांच्या बाटल्यांचे खोके, मधूनमधून अगरबत्तीचे. छपाई बाहेरून, डाय-पंचिंग, म्हणजे साच्याने पुठ्ठा कापणं, आणि पेस्टिंग आमच्याकडे. १९९८ मध्ये लोअर परळच्या एका भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली तेव्हा प्रत्येकी तीस हजार घातले होते. त्यात एक जुनं मशीन आलं आणि डिपॉझिट गेलं. बोर्डाला, म्हणजे खोक्यांच्या पुठ्ठ्याला, पैसे उरले नाहीत. फोर्टातल्या कागदाच्या शेठकडे उधार मागितलं तर त्यांनी चहा पाजला आणि नाही म्हणाले. आठ महिने रोखीने माल उचलला, तोही टेम्पो परवडत नाही म्हणून हातगाडीवर. नवव्या महिन्यात शेठ आपणहून म्हणाले, आठ दिवसांनी द्या. मग पंधरा. मग तीस. पुढे कळलं की आठ महिने ते डायवाल्याला, छापखान्याला, शेजारच्या गाळ्यालासुद्धा फोन करून विचारत होते, ही पार्टी कशी आहे. आज सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीतल्या पतीचा, आकडा मोबाइलवर दिसतो, ३०० ते ९०० च्या मधला. तेव्हा आमचा सिबिल म्हणजे ते फोन.

उधारी म्हणजे काय हे मात्र मी धंद्यात शिकले नाही. आम्ही लालबागचे. वडील गिरणीत, आई चाळीतल्या खोलीत बारा गिरणी कामगारांची खानावळ चालवायची. कामगार जेवायचे महिनाभर, पैसे पगाराला. आई तांदूळ-डाळ आणायची वाण्याकडून, तेही पगाराला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पगार थांबला. मग वाण्याची लाल वही फुगत गेली. संप संपला असं कुणी कधी जाहीर केलं नाही, गिरणीत बोलावणंही आलं नाही. आईने ती वही चार वर्षांत फेडली. जेवून गावी निघून गेलेल्यांची उधारी तिला कधी मिळाली नाही, पण त्यांच्या ताटातल्या डाळीचे पैसे वाण्याला तिनेच दिले. नऊ पत्रं लिहिताना मला तत्त्वज्ञान वगैरे काही सुचलं नव्हतं. ती लाल वही डोळ्यांपुढे होती.

हॅमिल्टन माझ्या घरी आला तो मुलीमुळे. ती रुईया कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बसली होती. एकदा पेस्टिंगला मदत करता करता म्हणाली, आई, तू केलंस ते अमेरिकेने १७९० मध्ये केलं होतं. मला हसूच आलं. पण तो माणूस, अलेक्झांडर हॅमिल्टन, अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री, पोरवयात वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रोई बेटावर एका व्यापारी पेढीत कारकून होता, हे ऐकल्यावर तो एकदम ओळखीचा वाटायला लागला. पेढीवर बसलेल्या पोराला देणं-येणं पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

नव्या देशाची तेव्हाची अवस्था माझ्या गाळ्यासारखीच होती. स्वातंत्र्ययुद्ध उधारीवर लढलेलं. केंद्राचं देणं सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर, त्यातलं १ कोटी १७ लाखांच्या आसपास परदेशाचं. शिवाय तेरा राज्यांची आपापली देणी, साधारण अडीच कोटींची. हॅमिल्टनने जानेवारी १७९० मध्ये हिशेब मांडला आणि म्हणाला, सगळं मान्य. राज्यांचंही केंद्राच्या अंगावर घ्या. व्हर्जिनियासारखी राज्यं भडकली, कारण त्यांनी आपलं बरंचसं फेडून टाकलं होतं. आता दुसऱ्यांचं का फेडायचं? एप्रिलमध्ये प्रस्ताव ३१ विरुद्ध २९ मतांनी पडला. शेवटी राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीकाठी न्यायची या सौद्यावर तो ऑगस्टमध्ये पास झाला. म्हणजे तिथेही चहा-पाणी, मध्यस्थ, देवाणघेवाण होतीच.

एका गोष्टीवर मात्र मी मुलीशी भांडले. युद्धात सैनिकांना पगाराऐवजी पैसे पुढे देऊ असे कागद दिले होते. गरजेपायी त्यांनी ते सटोडियांना मातीमोल भावाने विकले. व्हर्जिनियाचा खासदार जेम्स मॅडिसन म्हणत होता, मूळ सैनिकालाही काही द्या. हॅमिल्टन म्हणाला, कागद आज ज्याच्या हातात त्याला पूर्ण पैसे. माझं मन मॅडिसनकडे. संपाच्या काळात चाळीतल्या पाटल्या आणि तांब्याची भांडी कोण कसल्या भावात घेऊन गेलं ते मी पाहिलंय. पण धंदेवाली म्हणून हॅमिल्टनचं पटतं, हे कबूल करताना जड जातं. माझा पुढच्या तारखेचा चेक शेठने दुसऱ्याला दिला आणि मी त्याला विचारत बसले की तुम्ही तो केवढ्याला घेतलात, तर उद्या माझा चेक कुणी हातात धरणार नाही.

१८०३ मध्ये त्याच देशाने फ्रान्सकडून लुईझियाना घेतलं. दीड कोटी डॉलरचा व्यवहार, त्यातले १ कोटी साडेबारा लाख रोख्यांत. ते रोखे युरोपातल्या पेढ्यांनी उचलले. तेरा वर्षांपूर्वी ज्याच्या कागदाला कुणी विचारत नव्हतं, त्याच्या कागदावर देश जवळपास दुप्पट झाला. माझ्याकडे तेरा वर्षांत भांडुपला स्वतःचा गाळा आला. प्रमाण ज्याचं त्याने लावावं.

आपल्या देशाची गोष्ट मुलीने नंतर सांगितली, आणि ती मला जास्त लागली. १९४७ मध्ये फाळणीबरोबर हिशेबही वाटायचा होता. अविभाजित हिंदुस्थान सरकारने लोकांकडून घेतलेलं सगळं कर्ज भारताने आपल्या अंगावर घेतलं. पाकिस्तानने आपला वाटा भारताला द्यायचा असं ठरलं. रोखेवाल्याला दोन दारं ठोठवायला लागू नयेत म्हणून. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आपल्या रायगडचे, महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, त्या पदावरचे पहिले भारतीय. २६ नोव्हेंबर १९४७ ला स्वतंत्र देशाचा पहिला अर्थसंकल्प आला, त्यात उत्पन्न १७१ कोटींच्या आसपास आणि खर्च १९७ कोटी. अशा घरात दुसऱ्याच्या वाट्याचंही देणं उचललं. पाकिस्तानचा तो वाटा आला नाही. सुमारे ३०० कोटी रुपये, फाळणीपूर्व कर्जापोटी पाकिस्तानकडून येणे, अशी ओळ सरकारी हिशेबात वर्षानुवर्षं छापून येत राहिली. मुलीने ती ओळ मला स्क्रीनवर दाखवली. मी चष्मा लावून तीनदा वाचली.

बँकेचं थोडक्यात सांगते. २००८ मध्ये पहिल्या बँकेत तीन वर्षांचा बॅलन्सशीट मागितला. माझ्या एकटीच्या फर्मला दोनच वर्षं झाली होती. वर विचारलं, मिस्टर सहीला येतील ना? मिस्टर बेस्टमध्ये कंडक्टर, त्यांची सही घेऊन बँकेला काय मिळणार होतं देव जाणे. दुसऱ्या बँकेतल्या मॅनेजरने वेगळंच काहीतरी मागितलं: पासबुक. दर महिन्याच्या सात तारखेला नऊ चेक गेलेले, अठरा महिने. मी नऊ पत्रांच्या झेरॉक्सही दिल्या. गहाण ठेवायला काही नव्हतं, म्हणून सरकार आणि सिडबी या लघुउद्योगांच्या बँकेने २००० साली काढलेल्या, कर्जाची हमी घेणाऱ्या पतहमी ट्रस्टच्या योजनेत पाच लाखांची सीसी लिमिट, म्हणजे लागेल तसे उचलायचे खेळतं भांडवल, मिळाली. तारणाशिवाय. त्या रात्री झोप लागली नाही, आनंदाने नव्हे, व्याजाच्या हिशेबाने.

सीसी मिळाली की सगळं सुटतं असं नव्या लोकांना वाटतं. नाही. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल आणि येण्यांचा तक्ता, त्यावरून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे किती उचलता येईल तो आकडा, आणि नव्वद दिवसांवरची येणी बँक धरतच नाही. औषधवाली पार्टी एकशेवीस दिवसांनी देते. म्हणजे माल दिला, बिल खरं, पार्टी मोठी, तरी बँकेच्या लेखी ते येणं शून्य. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांच्या, कायद्यात ४५ दिवसांची मुदत आहे, उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज आहे. मी एकदा एका पार्टीला ते कलम दाखवलं. व्याज मिळालं नाही, पुढची ऑर्डरही मिळाली नाही. आता मात्र २०२३-२४ पासून आयकरात बदल झालाय: आमच्यासारख्या छोट्यांचं बिल मुदतीत दिलं नाही तर दिल्याशिवाय त्याचा खर्च धरता येत नाही. मार्चमध्ये त्याच पार्टीच्या अकाउंट्समधून फोन येतात, मॅडम, तुमचं काही बाकी आहे का? मी दरवेळी दोन सेकंद गप्प राहते. तेवढं सुख घेते.

२०२० च्या टाळेबंदीत मिठाईची दुकानं बंद, म्हणजे खोके बंद. सरकारी हमीची ती तातडीची योजना आली, फेब्रुवारीअखेरच्या शिल्लक कर्जाच्या वीस टक्के. ते पैसे आले त्या दिवशी पहिला चेक कागदवाल्या शेठच्या मुलाला. शेठ आता नाहीत. मुलगा म्हणाला, काकी, इतक्या लवकर कशाला? मी म्हटलं, तुझ्या वडिलांनी आठ महिने माझी चौकशी केली होती.

भागीदाराचे ५ लाख ७० हजार अजून आले नाहीत. तो ठाण्यात असतो, कधी लग्नात भेटला तर नीट बोलतो, मीही बोलते. माझ्या वहीत त्याच्या नावावर ती रक्कम दरवर्षी पुढे ओढली जाते. सीए दर मार्चला विचारतात, आता तरी बुडीत खात्यात टाकूया का? गेल्या मार्चला मी त्यांना ३०० कोटींची ती ओळ दाखवली. म्हटलं, आधी दिल्लीला विचारा, मग माझ्याकडे या. ते हसले, आणि माझी ओळ आणखी एक वर्ष पुढे ओढली.