बेरीज जुळत नव्हती

आमच्या धंद्यात ‘लॅपटॉप स्लो चालतोय’ या तक्रारीची उत्तरं ठरलेली आहेत. फॉरमॅट मारा, जुन्या डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाका, रॅम वाढवा. बहुतेक वेळा त्यातलं एखादं लागू पडतं, त्यामुळे पुढे जायची कुणाला गरज वाटत नाही. गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात गडहिंग्लजहून एक लॅपटॉप आला. त्याच्यावर हे तिन्ही उपाय करून झाले होते आणि तिन्ही उपायांनी गुणही आला होता, पण थोड्या दिवसांपुरता. केस सुटली, लॅपटॉप परत गेला, तरी तो थोड्या दिवसांचा गुण डोक्यातून जात नाही.

लॅपटॉप एका कर सल्लागार मॅडमचा. आसपासच्या व्यापाऱ्यांची जीएसटीची आणि इन्कम टॅक्सची कामं त्या करतात. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं विवरणपत्र, २० तारखेला ३बी हे कर भरण्याचं. या तारखांच्या मागेपुढे त्यांना मान वर करायला फुरसत नसते. उशीर झाला तर विलंब शुल्क व्यापाऱ्याला बसतं आणि बोलणी मॅडमना. ११ तारीख त्यांनी पुतण्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर कशीबशी निभावली होती.

“दादा, काय करायचं ते करा, पण वीस तारखेच्या आत माझ्या हातात द्या,” एवढंच त्यांचं म्हणणं. मग मी लक्षणं विचारत गेलो. मॅडम हिशेबातल्या, त्यामुळे उत्तरं नेमकी मिळाली. एवढं नीट सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं. आधी ८ जीबी रॅम होती तेव्हा लॅपटॉप चार दिवसांत अडकायचा. १६ केल्यापासून आठ-नऊ दिवस काढतो, मग पुन्हा तेच. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला पाच मिनिटं, ब्राउझर पांढरा पडतो. बटण दाबून धरून जबरदस्तीनं बंद केला की परत नव्यासारखा. “आणि रोज रात्री मी व्यवस्थित शटडाऊन करते हां. झाकण मिटून उठणारी मी नाही.”

हे ऐकताना मी लॅपटॉप चालू केला. एकही प्रोग्रॅम उघडलेला नव्हता. टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, १५.७ पैकी १२.६ जीबी रॅम वापरात.

आता इथे बहुतेक जण प्रोसेसची यादी मेमरीप्रमाणे लावतात, सगळ्यात वर जे नाव दिसेल त्याला दोषी धरतात आणि ते उडवतात. या लॅपटॉपवरचा अँटिव्हायरस असाच उडवला गेला होता. मी यादीची बेरीज करतो, कागदावर. ही बेरीज कधीच तंतोतंत जुळत नाही; यादीतल्या आकड्यात प्रत्येक प्रोग्रॅमची फक्त स्वतःची मेमरी धरलेली असते, सामायिक वापरातली आणि खुद्द विंडोजची वेगळी असते. पण फरक साधारण एक-दीड जीबीचा पडतो. इथे यादीची बेरीज आली २.४. म्हणजे दहा जीबी असे होते की ते कुणाच्याच नावावर नव्हते.

त्याच खिडकीत परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की तळाशी बारीक अक्षरात एक आकडा असतो, नॉन-पेज्ड पूल. चांगल्या चालणाऱ्या लॅपटॉपवर तो काहीशे एमबी असतो. इथे होता ८.९ जीबी. आमच्या लाइनीतले कितीतरी जण वर्षानुवर्षं टास्क मॅनेजर उघडतात, पण या आकड्याकडे कुणाची नजर जात नाही. त्याच्या शेजारच्या पानावर, सीपीयूच्या खाली, अपटाइम लिहिलेला असतो. तो होता नऊ दिवसांच्या वर. मॅडमनी आदल्या रात्रीच शटडाऊन केलेला लॅपटॉप नऊ दिवस अखंड चालू असल्याचं सांगत होता.

आणि दोघांचंही खरं होतं. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. शटडाऊन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल आणि त्याला चिकटलेले ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे छोटे प्रोग्रॅम), आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो आणि सकाळी तसाच परत उचलला जातो. सुरू व्हायला वेळ कमी लागतो हे खरं, पण कर्नलमध्ये साचलेली घाणही रोज रात्री जपून ठेवली जाते. ती साफ होते ती रीस्टार्टनं किंवा बटण दाबून धरल्यावर. ही गोष्ट गिऱ्हाइकाला माहीत नसणं मी समजू शकतो. पण ‘बंद करून चालू करा’ असं फोनवर दिवसभर सांगणाऱ्या माझ्या धंदाबंधूंना ती माहीत नसते, याचा मला राग येतो.

नॉन-पेज्ड पूल ही ड्रायव्हरनं कर्नलकडून उसनी घेतलेली मेमरी. हार्डवेअरकडून हाक आली की ड्रायव्हरला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागतं, डिस्कवरून काही आणवायची सवड नसते. म्हणून लॅपटॉप चालू असताना ही मेमरी कधीच डिस्कवर टाकता येत नाही, ती रॅममध्येच बसून राहते. आधीच्या दुकानदारानं व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, वाढवून ठेवली होती, तिचा इथे काडीचा उपयोग नव्हता. रॅम मोकळी करून देतो म्हणणारं एक फुकटचं सॉफ्टवेअरही टाकलेलं होतं. असली सॉफ्टवेअर प्रोग्रॅमांची मेमरी डिस्कवर ढकलतात, आकडा घटकाभर खाली दिसतो आणि लॅपटॉप आणखी हळू होतो. कर्नलच्या मेमरीला त्यांचा हातही लागत नाही. गावात लग्नाला मंडळाची पातेली न्यायची आणि परत आणून द्यायची नाहीत, असा कुणीतरी एक ड्रायव्हर इथे होता. आता नाव शोधायचं होतं.

यूट्यूबवर या दुखण्याचा एक ठरलेला इलाज फिरत असतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, जायचं, एनडीयू नावाचा विंडोजचा नेटवर्क वापर मोजणारा ड्रायव्हर शोधायचा, त्याच्या स्टार्टची किंमत ४ करून तो बंद करायचा. इथेही ४ घालून ठेवलेले होते आणि गळती जशीच्या तशी चालू होती. मला त्यातून एवढं कळलं की निदान तो दोषी नाही. मोजमाप न करता, कुणाच्या तरी व्हिडिओत चाललं म्हणून आपल्या गिऱ्हाइकाच्या रजिस्ट्रीत हात घालणं मला मुळीच पटत नाही.

मी आधी रॅममॅप लावलं. सिसइंटर्नल्सच्या संचातलं हे हत्यार, आणि तो संच २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहे. त्यात रॅमचा प्रत्येक तुकडा कुठल्या खात्यात गेला ते रंगीत पट्ट्यांत दिसतं. नॉन-पेज्ड पूलची पट्टी सगळ्यांत लांब, बाकी सगळं जागेवर. म्हणजे शंका फिटली. मग रीस्टार्ट करून पूल खाली आणला, काहीशे एमबीवर, आणि लॅपटॉप रात्रभर बेंचवर चालू ठेवला. सकाळी आकडा होता तिथेच. माझ्याकडे काम करणारा मुलगा म्हणाला, “झालं की बरं, देऊन टाकूया.” त्याला म्हटलं, मॅडमच्या टेबलावर काय चालतं आणि आपल्या बेंचवर काय नाही, ते आधी सांग.

मॅडमना फोन केला. त्यांच्या ऑफिसात टॅलीचा डेटा एका मोठ्या कॉम्प्युटरवर असतो, लॅपटॉप केबलनं नेटवर्कला जोडलेला असतो आणि दिवसभर तिथून डेटा उघडतात. बेंचवर तो रात्रभर नेटवर्कशिवाय होता.

मग खरं काम सुरू झालं. दुकानातल्या कॉम्प्युटरला केबलनं लॅपटॉप जोडला आणि पूलमॉन उघडलं. हे मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमधलं हत्यार आहे, काळ्या खिडकीत नुसते आकडे. दिसायला रुक्ष, पण मला ते फार आवडतं. कर्नलकडे मेमरी मागताना ड्रायव्हर सोबत चार अक्षरांची एक खूण देतो, तिला टॅग म्हणतात. पूलमॉन प्रत्येक टॅगसमोर दाखवतं की किती वेळा मेमरी मागितली, किती वेळा परत केली, फरक किती उरला आणि त्याचे बाइट्स किती. पी दाबून फक्त नॉन-पेज्ड ठेवायचं, बी दाबून बाइट्सप्रमाणे लावायचं आणि बघत बसायचं.

एक मोठी फाइल पाठवली. आकडे जेमतेम हलले. मग हजारो छोट्या फायलींचं एक फोल्डर पाठवलं, कारण टॅलीच्या डेटाचा व्यवहार तसाच असतो, थोडं थोडं आणि सतत. आणि एक टॅग खालून वर यायला लागला. बाकीच्या टॅगांचे ‘मागितले’ आणि ‘परत केले’ हे आकडे जोडीनं वाढत होते. याच्यात फक्त मागणं. परत करण्याचा आकडा इतका सावकाश हलत होता की फरकाचा रकाना डोळ्यांदेखत फुगत होता. पाहता पाहता तो यादीत पहिला आला. मुलगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याला दोन्ही रकाने बोटानं दाखवले. त्याला ते ताबडतोब कळलं. पुस्तकातून समजावत बसलो असतो तर आठवडा गेला असता.

टॅग मिळाला म्हणजे नाव मिळालं असं नाही. ती चार अक्षरं सहसा ड्रायव्हरच्या फायलीतही असतात, म्हणून ड्रायव्हरांच्या फोल्डरमधल्या सगळ्या फायलींत ती शोधली. दोन फायली निघाल्या. एक विंडोजची स्वतःची. दुसरी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनं घातलेल्या ‘इंटरनेट वेगवान करा’ छापाच्या सॉफ्टवेअरची. गेम आणि व्हिडिओची पॅकेट आधी सोडायची, बाकीची मागे ठेवायची, यासाठी ते नेटवर्कच्या वाटेवर स्वतःची एक चाळणी बसवतं. फॉरमॅटनंतरही ते परत आलं होतं, कारण कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हरांचा गठ्ठा टाकला की ते सोबत येतंच.

संशयावर काढून टाकायचं नव्हतं. नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये जी यादी असते, त्यात ही चाळणी टिक करून बसलेली दिसते. टिक काढली, तेच फोल्डर पुन्हा पाठवलं. आकडा जागचा हलला नाही. टिक परत लावली, पुन्हा धावायला लागला. मुलाला स्वतःच्या हातानं टिक काढून-लावून बघू दिली. अशी दोन्ही बाजूंनी खात्री झाली की मगच मी गिऱ्हाइकाला ‘सापडलं’ असं सांगतो.

पुढचं फार नाही. ते सॉफ्टवेअर काढलं. मागे राहिलेला ड्रायव्हर विंडोजच्या साठ्यातूनही काढला, नाहीतर तो परत बसतो. फास्ट स्टार्टअप बंद केलं, एनडीयूची किंमत होती तशी केली, रॅम साफ करणारं ते सॉफ्टवेअर उडवलं, अँटिव्हायरस परत घातला. दिवसभर छोट्या फायली पाठवत ठेवल्या, पूल काहीशे एमबीवर स्थिर राहिला. लॅपटॉप वीस तारखेच्या आधी गडहिंग्लजला पोचला आणि ३बी त्यावरूनच भरले गेले.

बिलावर ‘नेटवर्क ड्रायव्हरमधील दोष शोधणे व काढणे’ एवढंच होतं. मॅडमनी विचारलं, “पार्ट कुठला बदलला?” एकही नाही, असं सांगितल्यावर त्या क्षणभर थांबल्या आणि मग पूर्ण पैसे दिले. शोधण्याचे पैसे लागतात हे मान्य करणारी माणसं आमच्याकडे कमी येतात. नवीन रॅमच्या दांडीला हजारो रुपये खळखळ न करता मोजतील, पण दोन दिवस बसून काढलेल्या निदानाला ‘नुसतं सेटिंग तर केलं’ म्हणतील. मग दुकानदार दांडीच विकणार.

मी ज्याचा विचार करतोय ते हेच. आधीचा दुकानदार लबाड नव्हता. त्यानं फॉरमॅट मारला, लॅपटॉप सुधारला. एसएसडी टाकली, सुधारला. रॅम टाकली, आणखी सुधारला. प्रत्येक वेळी लॅपटॉप पूर्ण बंद होऊन कर्नल कोरा करकरीत सुरू झाला होता, पूल रिकामा झाला होता. गुण त्याचा होता आणि श्रेय उपायाला गेलं. रॅम दुप्पट केल्यावर भरायला दिवसही दुप्पट लागले, तेव्हा तर त्याला आपलं निदान बरोबर असल्याचा पुरावाच मिळाला. असा पुरावा हातात असताना आणखी खोलात कोण जाईल? उपाय लागू पडला की नुसताच रीस्टार्ट लागू पडला, हे वेगळं करून बघायची शिस्त आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही. आयटीआयच्या कोर्सातही मला ती कुणी शिकवली नव्हती.

लॅपटॉपच्या कंपनीला मी सगळे आकडे, टॅग, ड्रायव्हरची आवृत्ती आणि दोष कसा घडवून आणायचा याच्या पायऱ्या लिहून पाठवल्या. उत्तर आलं की लॅपटॉप फॅक्टरी रीसेट करून पाहा. म्हणजे तेच सॉफ्टवेअर पुन्हा घाला. त्याच मॉडेलचे लॅपटॉप याच भागात आणखी किती ऑफिसांत टॅलीवर बसले असतील, आणि त्यातल्या किती जणांनी रॅम वाढवली असेल, या विचारानं मला अजून बेचैन व्हायला होतं.

आता दुकानात लॅपटॉप जमा करून घेताना जॉब कार्डावर तक्रारीखाली दोन ओळी वाढवल्या आहेत: अपटाइम आणि नॉन-पेज्ड पूल. मुलगा न सांगता भरतो. परवा एका शाळेच्या क्लार्कचा लॅपटॉप आला, त्यावर त्यानं ‘पूल ३.८ जीबी’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. कंपनी वेगळी आहे, टॅगही वेगळा आहे. तो सध्या बेंचवर केबल लावून ठेवलाय, पण छोट्या फायलींनी त्याचा आकडा हलत नाही. क्लार्कला विचारलंय, प्रिंटर कुठला जोडता म्हणून.