शब्द ओळखीचा लागतो

आमच्या अभ्यासात आई-वडिलांची मुलाखत सगळ्यात शेवटी असते. तोवर मुलाची नजर, कान, आकृत्यांवरची बुद्धिमत्ता चाचणी, सगळं झालेलं असतं. वाचनाची अडचण डिस्लेक्सियामुळे, म्हणजे नजर, कान, बुद्धी ठीक असूनही वाचणं जड जातं त्यामुळे, आहे का हे शोधायचं, तर आधी बाकीच्या शक्यता बाजूला साराव्या लागतात. सध्या हे काम कोपरखैरण्यातल्या एका मराठी शाळेत चालू आहे. बरीच मुलं माथाडी कामगारांची, मूळची साताऱ्याकडची.

चौथीतल्या या मुलाला स्वच्छ दिसत होतं, नीट ऐकू येत होतं. आकृत्यांची कोडी त्याने भराभर सोडवली. महाराज आग्र्याहून कसे सुटले, हे त्याने मला पेटाऱ्यांसकट रंगवून सांगितलं. मग मी पुस्तक पुढे केलं आणि त्याचा आवाजच बसला. ‘सूर्य’पाशी गाडी अडली. रफार दिसतो ‘य’च्या डोक्यावर, उच्चारायचा मात्र ‘य’च्या आधी. पहिल्या वेलांटीचं उलट. ती लिहायची अक्षराआधी, बोलायची नंतर. मराठी जशी बोलतो तशीच लिहितो, म्हणून मराठीत डिस्लेक्सिया होत नाही, असं शिक्षकसुद्धा मला सांगतात. होतो. फक्त इंग्रजीइतका चुकांमधून दिसत नाही, वाचनाच्या संथपणातून जास्त दिसतो.

‘कपाट’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? बराच वेळ घेऊन तो म्हणाला, “पाट.” ‘मासा’मधला फक्त ‘म्’ काढायला सांगितला, म्हणजे ‘आसा’ उरायला हवं, तर आधी गप्प आणि मग “सा?” बदकाचं चित्र बघून त्याने वहीत लिहिलं ‘बकद’. 1896 साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीगत छापली होती. तोही हुशार, आणि स्वतःच्या नावातली अक्षरं उलटसुलट करून ‘प्रेसी’ लिहिणारा. तेव्हा समजूत अशी होती की दोष शब्द बघण्यात आहे. आज बहुतेक पुरावा आवाजाकडे बोट दाखवतो. बोललेल्या शब्दातले सुटे ध्वनी पकडणं आणि ते अक्षरांशी जोडणं जड जातं. वाचताना मेंदूच्या डाव्या बाजूचे काही भाग अशा लोकांत कमी काम करताना दिसतात. इटालियन, फ्रेंच, इंग्रजी, तिन्ही भाषांच्या वाचकांत हे आढळलं आहे.

मुलाखतीला आई आणि वडील दोघंही आले. वडील तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधून थेट, खांद्यावर टॉवेल तसाच. आईने बसल्या बसल्या कारणांची यादीच सांगितली. वर्गातले सर म्हणतात लक्ष नाही. शेजारी म्हणतात मोबाईल. सासूबाई म्हणतात, पोटात होता तेव्हा हिने ग्रहण पाळलं नाही. “मॅडम, मी पाळलं होतं हो,” ती म्हणाली. गेली कितीतरी वर्षं ती हेच सांगत असणार.

आम्ही पालकांनाही थोडं वाचायला देतो. मी वडिलांपुढे कागद ठेवला. कांदा, बाजार, नाशिक, वजन. त्यांनी धडाधड वाचलं. दुसऱ्या रकान्यात अर्थ नसलेले शब्द असतात. ‘नवज’ त्यांनी ‘वजन’ वाचला. ‘दांका’ला ‘कांदा’. मी म्हटलं, पुन्हा बघा. अक्षराखाली बोट ठेवून ते “न... व...” करत राहिले. कपाळावर घाम आला. शेवटी कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, “असलं नाय जमत मॅडम. शब्द ओळखीचा लागतो. गोणीवरचा मार्का बघितला की मला कळतं.”

डिस्लेक्सियाचं मूळ इतक्या कमी शब्दांत मी कधी ऐकलं नव्हतं. नवा शब्द आपण ध्वनी जुळवून वाचतो. यांना ते जमत नव्हतं. सगळे शब्द त्यांनी चेहरे लक्षात ठेवावेत तसे साठवले होते. शाळा सातवीत सुटलेली.

“म्हणजे माझ्याकडनं गेलं तर,” ते म्हणाले.

या प्रश्नाला मी घाईने उत्तर देत नाही. ‘आनुवंशिक’ हा शब्द घरात गेला की कुणाच्या तरी डोक्यावर बसतो. आई किंवा वडिलांना डिस्लेक्सिया असला, तर साधारण निम्म्या मुलांत वाचनाची अडचण दिसते, हे खरं. पण त्यामागे एकच जनुक नाही. 2022 साली डिस्लेक्सिया असल्याचं सांगणारे 51,800 प्रौढ आणि तो नसलेले दहा लाखांहून जास्त लोक यांच्या जनुकांची तुलना झाली. त्यात डिस्लेक्सियाशी जोडलेल्या 42 जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा अगदी थोडा. पालक जनुकं निवडून देत नाहीत आणि गरोदरपणात सुरी-कात्रीला हात लावल्याने ते बदलतही नाहीत. हे मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग हिचं काही नाही ना यात?” मी नाही म्हटल्यावर त्यांनी लगेच गावी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि म्हणाले, “आता आईला सांगा.” मी सांगितलं. पलीकडे आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “याला पण गुरुजी उन्हात उभा करायचे. मला वाटायचं, कामचुकार हाय.” सुनेने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले.

पुढचं बोलणं कामाचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता येते, डिस्लेक्सिया त्यातच मोडतो, त्यामुळे मुलाचं प्रमाणपत्र करून घ्यायचं, म्हणजे परीक्षेत जादा वेळ मागता येईल. रोज थोडा वेळ ध्वनी आणि अक्षर जोडण्याचा सराव, वर्गात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची सक्ती नाही; हे शाळेशी मी बोलायचं.

उठता उठता वडील म्हणाले, धाकटी बालवाडीत आहे, तिला आत्ताच बघता येईल का? एवढ्या लहान वयात निदान करत नाहीत. पण धोका ठाऊक असेल तर अक्षरं येण्याआधीच ध्वनींचे खेळ सुरू करता येतात. टाळ्या वाजवत शब्दाचे तुकडे पाडायचे, यमकं जुळवायची, ‘क’ने सुरू होणाऱ्या भाज्या सांगायच्या. “कांदा, कोबी, कारलं, काकडी,” वडील तिथेच उभ्या उभ्या म्हणू लागले. मार्केटच्या सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन यायचं ठरलं.