ओळख ना पाळख

आज डोंबिवली फास्टमध्ये शेजारच्या मावशी मांडीवर पेपर पसरून मेथी निवडत होत्या. मी इयरफोन काढून अर्धी जुडी मागून घेतली. घाटकोपरपासून डोंबिवलीपर्यंत त्यांच्या सुनेची नोकरी, माझ्या आईचे गुडघे, सगळं बोलून झालं. कसलं हलकं वाटलं!

शिकागोच्या लोकल प्रवाशांवरचा निकोलस एपली आणि ज्युलियाना श्रोडर यांचा २०१४ चा अभ्यास आठवला. प्रवाशांचा अंदाज होता, गप्प बसलेलंच बरं. प्रत्यक्षात ज्यांना अनोळखी माणसाशी बोलायला सांगितलं, त्यांचाच प्रवास जास्त छान गेला. समोरच्याला बोलायचं नसेल, ही शंकाच आडवी येते. मला हे शंभर टक्के पटतं. पुढे लंडनच्या गाड्यांमध्येही तेच दिसलं, जिथे म्हणे कोणी कोणाशी बोलत नाही.