तुम्ही विचारलंत म्हणून: नेमकं होतंय तरी काय?

"वहिनी, नेमकं होतंय तरी काय तुम्हाला?" मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव सांगून झालं तरी शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याला एकच काहीतरी ऐकायचं असतं: पाय दुखतो, डोळ्याला कमी दिसतं. नऊ वर्षं झाली, मला तसं एक उत्तर देता आलेलं नाही.

शरीराची प्रतिकारशक्ती मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावरच उलटते. मग मेंदूचा निरोप रखडतो, कधी पोचतच नाही. माझा उजवा पाय नीट उचलत नाही तो यामुळंच. कोल्हापुरी चप्पल धरून ठेवायला बोटांची पकड लागते. महाद्वार रोडवर दोनदा माझी चप्पल मागं राहिली आणि मी पुढं चालत गेले, कारण तळवा बधिर. नुसता पाय लुळा असता तर चप्पल सुटल्याचं तरी कळलं असतं.

मागच्या एप्रिलमध्ये पुतणीची हळद होती. मला लघवीची घाई झाली की धरवत नाही, आणि कार्यालयातलं बाथरूम वरच्या मजल्यावर. म्हणून सकाळपासून मी पाणीच प्यायले नाही. मी केलं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी पोट साफ होईना, लघवीला जळजळ सुरू झाली. पोट तुंबलं, लघवीत जंतू झाले की पायांचा ताठरपणाही वाढतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रात्रभर पिंढऱ्या वळत राहिल्या, चार-पाच वेळा बाथरूमला उठले, झोप नाही. सकाळी भाकरी थापायला हात उचलवेना. त्यात अंगात कणकण. चौथ्या दिवशी पाय टेकवेना आणि डोळ्यांपुढं धुरकट.

घरात सगळे घाबरले. आजाराचा नवा अटॅक आला, आता सलाइनमधून स्टेरॉइड, असंच मला वाटलं. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला लावली. जंतुसंसर्ग निघाला. त्याचं औषध झालं, ताप उतरला आणि आठवड्याभरात पाय होता तसा झाला. मायलिन गेलेल्या नसांना अंगातली अर्ध्या अंशाची वाढही सोसत नाही. विल्हेल्म उथॉफ या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्ये श्रम केल्यावर नजर अशी मंदावते हे नोंदवून ठेवलंय; त्यामागं अंगातली उष्णता असते हे पुढं कळलं. त्यात नवी इजा नसते, अंग गार झालं की नजर परत येते. म्हणून उन्हाळ्यात अंबाबाईच्या दर्शनाला मी पहाटेच जाते.

औषधाचंही तसंच. ताठरपणासाठी बॅक्लोफेन घेते. मात्रा वाढली की दिवसभर गुंगी, आणि ज्या ताठ पायाच्या जोरावर मी उभी राहते तो सैल पडून गुडघा दुमडतो. कमी घेतली की रात्री पिंढऱ्या झोपू देत नाहीत. सहा महिने थोडी थोडी बदलत आम्ही मधली मात्रा शोधली.

पूर्वी मी वहीत रकाने पाडायची: पाय, झोप, लघवी, डोळे. आता सगळं एकाखाली एक लिहिते, ज्या क्रमानं झालं त्या क्रमानं. पायाच्या तक्रारीच्या वर दोन-तीन दिवसांत पाणी, झोप नाहीतर ऊन सापडतंच.

तेव्हा तुमच्या घरी कार्य असेल तर आमंत्रणासोबत एवढं सांगा, खाली कमोड आहे का. मी पाणी पिऊन येईन.